मठपट्टी

माळशेत नगरपालिका घरपट्टी म्हणून घराचीच पट्टी घेत असे. मार्चअखेर चार माणसं यायची, दारात चपला काढायची, चुन्यात भिजवलेलं सूत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणायची आणि सोडून द्यायची. फरशीवर पांढरी रेघ उठली की तिथून घर सुटायचं. वीतभर रुंदीची पट्टी, कौलांपासून जोत्यापर्यंत अख्खी, सतरंजीसारखी गुंडाळून ती माणसं खांद्यावर घ्यायची. उरलेली दोन टोकं सरकत येऊन एकमेकांना भिडायची. सांधा दिसत नसे. तेवढा वेळ घरच्यांनी अंगणात उभं राहायचं, आणि आदल्या दिवशी भांडीकुंडी बाजूला सारून ठेवायची, एवढाच काय तो त्रास.

शिवाय वर्षभरात घर पुन्हा वीतभर वाढायचं. श्रावणात भिंती ओल धरून फुगायच्या, फरशांमध्ये फट पडायची आणि दसऱ्यापर्यंत ती आपोआप भरून निघायची. माणसं राहत असलेल्या घराला वाढ असते, हे माळशेतात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

मालन कोष्टीची तर मुळीच नव्हती. तालुका कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली तिचं टाइपरायटरचं टेबल होतं. एकतीस वर्षं ती लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार टाइप करून देत होती. तिच्या घराच्या पट्ट्या गावभर लागल्या होत्या आणि येता-जाता ती त्या बघायची. कन्याशाळेच्या व्हरांड्यात तिच्या माजघराचा तुकडा होता. त्याच्यावर तिच्या लेकीची, सारिकाची, उंची पेन्सिलीने मांडलेली होती. सारिका लग्न होऊन पुण्याला गेली, पण त्या रेघांना पाठ लावून दुसऱ्या मुली उभ्या राहायच्या आणि एकमेकींना मोजायच्या. सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत तिच्या चुलीमागची काळवंडलेली भिंत होती. "माझ्या चुलीपाशी गावातली निम्मी पोरं जन्मली," असं ती हसत सांगायची. तिचा नवरा निवृत्ती यंत्रमागांची दुरुस्ती करायचा. तो फारसा बोलत नसे. तो नुसती मान हलवायचा.

त्या वर्षी जूनच्या पहिल्या सोमवारी ती चार माणसं पुन्हा आली. बरोबर वसुली निरीक्षक हणबर होते.

"मार्चमध्ये दिली की पट्टी," मालन म्हणाली.

"ती घरपट्टी, बाई. ही मठपट्टी." हणबरांनी घडी उलगडून वाचलं. "उजेडनाथांच्या मठाचं संवर्धन आणि पंथाचा प्रसार. ठराव झालाय. दर सोमवारी हातभर. लहान घरांना सवलत, वीतभर."

"ऐच्छिक आहे का?"

"ऐच्छिक म्हणजे?"

"म्हणजे मी नाही म्हटलं तर?"

हणबरांनी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "तशी सोय केलेली नाही," ते म्हणाले.

त्यांनी सूत ताणलं. त्या पट्टीत मालनच्या खिडकीची डावी अर्धी बाजू गेली. उरलेली अर्धी खिडकी भिंतीला टेकून राहिली आणि तिचं एकच दार वाऱ्याने आपटत राहिलं.

मालन उजेडनाथांना मानणारी होती. लग्न होऊन आल्यापासून एक गुरुवार तिने चुकवला नव्हता. मठ म्हणजे एक खोली, मधे समई आणि बसायला दहा माणसांपुरती जागा. ती वाटीभर गोडं तेल घेऊन जायची, आपल्या हाताने समईत ओतायची, थोडा वेळ बसायची आणि परत यायची. त्या गुरुवारी ती नेहमीसारखी गेली. दारातून समई दिसेना.

खोलीचं दालन झालं होतं. दोन्ही बाजूंनी भिंती लांब लांब गेल्या होत्या, पट्ट्यापट्ट्यांच्या: एक पट्टी निळीची, एक पोपटी, एक नुसत्या विटांची, एकीवर गेल्या सालचं कॅलेंडर. ती चालत निघाली. वाटेत तिला तिची अर्धी खिडकी भेटली. खिडकीबाहेर तिचीच गल्ली दिसत होती आणि तिच्याच दारात निवृत्ती सायकल पुसत होता. तिने हाक मारली. त्याने वर पाहिलं, पण चुकीच्या दिशेला.

आणखी वीस पावलांवर एक हिरवा कोनाडा होता. तो तिने लगेच ओळखला. शेजारच्या रुकसाना मणेरच्या घरातला होता तो. बांगड्या भरायला गेलं की समोरच दिसायचा. रुकसाना त्यात रेशमी फडक्यात गुंडाळून कुराण ठेवायची. आता तिथे अंगाऱ्याची वाटी होती.

समईपाशी आप्पा बसले होते. पंचवीस वर्षं तेच दिवा सांभाळत होते. मालनने तेल ओतलं तेव्हा वात विझलेली होती.

"सकाळी तेल घालून दार उघडायला निघतो," आप्पा म्हणाले, "पोचतो तवर दुपार होते. परत येतो तवर दिवा गेलेला असतो. नाथ एका खोलीत मावत होते, पोरी. मी कुणाकडं जागा मागितली नव्हती."

"मग सांगा की त्यांना तसं."

"गेलो होतो नगरपालिकेत. म्हणाले, मठाच्या कार्यालयात लेखी द्या. कार्यालय त्या टोकाला केलंय म्हणं." त्यांनी समईच्या पलीकडे बोट दाखवलं. तिकडे दालन तसंच पुढे गेलं होतं. "काल दिवसभर चाललो. अजून लागलं नाही."

परतताना मालन रुकसानाच्या दारात थांबली. रुकसाना आत नमाजाला उभी होती, म्हणून ती उंबऱ्यावरच बसली. रुकसाना वाकली, गुडघ्यांवर आली, आणि खाली झुकताना तिचं कपाळ भिंतीवर आपटलं. जमिनीपर्यंत पोचायला वीतभर जागा कमी पडत होती. ती तशीच भिंतीला कपाळ लावून थांबली. उठून बाहेर आली तेव्हा कपाळावर चुन्याचा पांढरा ठिपका होता.

"रोजचंच झालंय," ती म्हणाली. "पुसते आणि दुकान उघडते."

"तुझा कोनाडा बघितला मी."

"नाथांपाशी हाय ना? कळलं मला." रुकसानाने पदराने कपाळ पुसलं. "वैनी, मला तुमच्या नाथांचं वाकडं नाही. कुणी येऊन मागितला असता, तर आमच्या यांना सांगून तसलाच नवा कोनाडा बांधून दिला असता मठात. पण मला कुणी इचारलं नाही. माझ्या घरातून काढून नेला, आणि वर पावती दिली की मी दिला म्हणून."

त्या संध्याकाळी मालनने टाइपरायटर घरी आणला. निवृत्ती बघत राहिला.

"काय टाइप करतेस?"

"दावा."

"नाथांवर दावा लावतेस?"

"नाथांवर नाही. नगरपालिकेवर. घटनेचा अनुच्छेद सत्तावीस."

"ते काय असतं?"

"एखाद्या धर्मापायी काढलेला कर भरायची सक्ती कुणावर करता येत नाही. कुणावरच. रुकसानावर नाही आणि माझ्यावरही नाही."

"पण तू तर मठात जातेस."

"जाते. तेल मी ओतते. कोणी माझ्या घरात शिरून माझा हात धरून ओतायला लावलं, तर ते माझं तेल नव्हे." तिने कागद सरळ केला. "जेवून घ्या तुम्ही. माझे तीन परिच्छेद राहिलेत."

निवृत्तीने मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही.

दावा दाखल करून घ्यायला कोर्टाचा कारकून काही केल्या तयार होईना. अर्जदाराला तालुक्यात राहतं घर पाहिजे, असा नियम त्याने दाखवला. ज्यात माणूस आडवा होऊ शकतो, त्याला राहतं घर म्हणायचं. तो टेप घेऊन घरी आला तोवर सहा सोमवार गेले होते आणि घर बरंच आवळलं होतं. मालनने चटई कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी टाकली. डोकं भांड्यांच्या मांडणीखाली घातलं, पाय उंबऱ्यावर ठेवले आणि डोळे मिटले.

"गुडघे सरळ करा," कारकून म्हणाला.

तिने केले. उंबऱ्याबाहेर तिच्या टाचा गेल्या.

"टाचा धरायच्या का नाही, ते नियमात लिहिलेलं नाही," कारकून म्हणाला आणि त्याने वहीत लिहिलं: अर्जदार आडवी झाली.

दावा दाखल झाल्याची बातमी पसरली, तसं तिच्या टेबलापाशी यायचं लोकांनी सोडलं. माणसं दुरूनच वळून दुसऱ्या टायपिस्टकडे जायची. कोणी तरी तिच्या शेडच्या पत्र्यावर 'नाथद्रोही' असं खडूने लिहिलं. तिने ते वाचलं, 'द्रो' जरा वाकडा आला होता तो ओल्या फडक्याने पुसून नीट करून काढला, आणि कामाला लागली. गुरुवारी ती तेल घेऊन मठात गेलीच. आता समईपर्यंत पोचायला तिला दुपारपर्यंत चालावं लागलं.

सुनावणीच्या दिवशी नगरपालिकेचे वकील उठले. ते म्हणाले, "मुळात हा कर नाहीच. हे शुल्क आहे. मठातल्या समईचा उजेड सगळ्या गावावर पडतो, त्या सेवेचं शुल्क."

"इथे पडलाय का साहेब?" मालनने विचारलं.

न्यायाधीशांनी आपला हात पुढे धरून बाही पाहिली. "हा ट्यूबलाइटचा आहे," ते म्हणाले. "पुढे."

"पुढे असं," वकील म्हणाले, "की सगळ्या पट्ट्या नगरपालिकेच्या आवारात एकत्र पडतात. घरपट्टी काय, मठपट्टी काय, एकाच ढिगात. अमुक बाईंचीच पट्टी मठाला लागली, असं कोणी म्हणू शकत नाही."

"मी म्हणू शकते. मी माझी भिंत ओळखते."

"भिंतीला भिंत सारखीच असते, बाई."

"तर मग चला बघायला."

न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं, मग कारकुनाकडे, आणि स्थळपाहणी लावली.

मठात न्यायाधीश, कारकून, वकील आणि मालन असे चौघे जायचे होते. दारापाशी पोचले तेव्हा मागे चाळीसएक माणसं होती. कोणाला कोणी बोलावलं नव्हतं. रुकसाना दुकान बंद करून आली होती. हणबर भिंतीलगत उभे होते.

मालन आपल्या खिडकीपाशी गेली आणि शेजारच्या भिंतीवर तिने तळहात टेकवला. थोडा वेळ काही झालं नाही. मग हाताखाली भिंत गार लागली, ओलसर झाली, आणि श्रावणात घरं फुगतात तशी फुगू लागली. चुन्याला पोपडे आले. खिडकीचं अर्धं लाकूड करकरलं आणि बोटभर रुंद झालं.

बाकीच्यांना काही सांगावं लागलं नाही. माणसं दोन्ही भिंतींनी पांगली आणि शोधू लागली. कोणी रंगावरून ओळखलं, कोणी खिळ्यावरून. एका म्हाताऱ्या गवंड्याने आपल्या हातचा गिलावा अंधारात चाचपून काढला. जिथे हात टेकले तिथे भिंती ओल्या झाल्या आणि फुगत गेल्या. दुसऱ्याच्या पट्टीवर हात पडला की काही व्हायचं नाही, ती कोरडीच राहायची. रुकसानाने कोनाड्यातली अंगाऱ्याची वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी ती कपाळाला लावून घेतली. मग तिने रिकाम्या कोनाड्यात हात ठेवला आणि तोंड फिरवून उभी राहिली, कारण तिला रडू येत होतं आणि ते वकिलांना दाखवायचं नव्हतं.

न्यायाधीश दालनाच्या मधोमध उभे होते. त्यांना बदलीवर येऊन दोन वर्षं झाली होती, सरकारी बंगल्यात राहायचे. जाता जाता त्यांचा हात एका फिकट पिवळ्या भिंतीला लागला. भिंत ओली झाली. त्यांनी हात पटकन मागे घेतला, रुमालाने पुसला आणि रुमाल खिशात न ठेवता हातातच धरला.

"पुरेसं आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आदेश दिला. प्रश्न गंभीर आहे, घटनेचा आहे, सविस्तर ऐकावा लागेल. पुढची तारीख दिवाळीनंतर. तोपर्यंत जैसे थे.

मालनने आदेशाची नक्कल घेतली आणि पिशवीत जपून ठेवली. घरी येऊन तिने निवृत्तीला ती वाचून दाखवली. घर आता दीड हात रुंद उरलं होतं. दोघं एकमेकांच्या मागे उभे होते. तिने वाचलं ते तिच्या खांद्यावरून त्याने ऐकलं.

"जैसे थे म्हणजे आता थांबलं?" त्याने विचारलं.

"थांबलं."

सोमवारी सकाळी हणबर आले. बरोबर चार माणसं आणि चुन्याची बादली.

मालनने आदेश त्यांच्यापुढे धरला. हणबरांनी तो सावकाश, शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला. ते उद्धट माणूस नव्हते.

"जैसे थे," ते म्हणाले. "बरोबर आहे. आदेश झाला तेव्हा काय चालू होतं, बाई? वसुली चालू होती. म्हणजे ती जशी होती तशी. थांबवली तर मी कोर्टाचा अवमान केला असं होईल."

"हणबर, तुमच्या घरचीही पट्टी जाते ना?"

"गेली. आमचं संपलं मागच्या सोमवारी." त्यांनी चष्मा पुसला. "सध्या कार्यालयात राहतो. तुम्ही अंगणात या."

निवृत्ती अंगणात गेला. मालन गेली नाही.

"बाई, सूत मारायचंय. बाहेर या."

"नाही."

"वाटेतलं सामान हलवायची जबाबदारी घरमालकाची आहे."

"मी सामान नाही. मी नाही म्हणतेय, आणि ते नाही लिहून घ्या. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहा. जागा आहे तिथे."

हणबरांनी खिशातून पेन काढला, कागद उलटा केला आणि बराच वेळ त्या कोऱ्या बाजूकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन परत खिशात ठेवला आणि माणसांना खूण केली. सूत तिच्या एका बाजूने ताणलं गेलं, मग दुसऱ्या. दोनदा आवाज झाला. पांढऱ्या दोन रेघांच्या मधे ती उभी होती. पट्टी सुटली.

आत माणूस असल्यामुळे पट्टी गुंडाळता येईना. कपाट नेतात तशी त्यांनी ती उभीच उचलली, दोघं पुढे, दोघं मागे, आणि गल्लीतून निघाले. मालनच्या डोक्यावर कौलं होती, पायाखाली फरशी होती, पाठीला भिंत होती. उचलणाऱ्यांच्या पावलागणिक फरशी हलत होती. रस्त्याने लोक दुकानांतून बाहेर येऊन उभे राहिले. कोणी नजर खाली घातली नाही. निवृत्ती मागून चालत होता. चपला घालायचं त्याला सुचलं नव्हतं.

मठाच्या दाराशी आल्यावर मालनने डोक्यावरचं एक कौल सरकवलं आणि त्या फटीतून उजवा हात वर काढला, सरळ, खांद्यापर्यंत.

पट्टी दाराच्या चौकटीला अडली. माणसांनी ती जरा वाकवून पाहिली, मग तिरकी करून पाहिली. हात चौकटीला थडकत होता.

"हात खाली घ्या, बाई," हणबर म्हणाले.

"नाही."

"मठ तुमचाच आहे. दर गुरुवारी येता की तुम्ही."

"गुरुवारी येते. आज सोमवार आहे."

माणसांनी पट्टी खाली ठेवू का म्हणून विचारलं. हणबर म्हणाले, वसूल केलेली पट्टी जमा झाल्याशिवाय जमिनीला टेकवता येत नाही. परत नेऊ का म्हणून विचारलं. परत न्यायला जागा नव्हती. तिकडे घराची उरलेली दोन टोकं केव्हाच एकमेकांना भिडली होती. तेव्हा ते चौघं तसेच ओझं घेऊन उभे राहिले. ऊन चढलं होतं. मालनच्या दंडाला कळ लागली होती.

"मालन," निवृत्ती मोठ्याने म्हणाला. एवढ्या मोठ्याने तो कधी बोलला नव्हता. रस्त्यावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. "हात खाली घेऊ नको."

हणबरांनी आणखी माणसं मागवायला म्हणून मागे वळून पाहिलं. मालनच्याच गल्लीच्या तोंडातून दुसरी पट्टी येत होती, हिरव्या रंगाची, वीतभर रुंद. तिच्या पत्र्यातून बांगड्या भरलेले दोन हात वर आले होते. तिच्यामागे चौकातून तिसरी पट्टी वळत होती.